सुंदर बंदराची गाळलेली ओळ

आमच्या तीन मुलांनी एका रविवारी दुपारी आमच्याच बैठकीच्या खोलीत, आमच्याच खुर्च्यांवर बसून, आमचाच चहा पिऊन असं ठरवलं, की आम्हां दोघांना आता वृद्धाश्रमात ठेवावं. ठरवलं म्हणजे रीतसर मतं घेतली. थोरल्याचा होकार, मधलीचा होकार. धाकटा परदेशातून फोनवर होता, त्याचा आवाज मध्येमध्ये तुटत होता, पण 'हो' तेवढा स्वच्छ ऐकू आला. आम्हां दोघांना मत नव्हतं. ज्याच्याबद्दल ठराव आहे त्याने मत द्यायचं नसतं, असा काहीतरी नियम थोरल्याच्या ऑफिसात असावा.

आश्रमाचं नाव 'सुंदर बंदर'. मधलीने त्याचं माहितीपत्रक आणलं होतं. गुळगुळीत कागद, वर निळा समुद्र, आणि समुद्राकडे बघून हसणारं एक म्हातारं जोडपं. दोघांचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते, त्यावरून ती माणसं आश्रमातली नसावीत हे मी ओळखलं. समुद्रही आश्रमातला नव्हता. आश्रम होता शहराबाहेर, टायरच्या कारखान्यामागे, आणि तिथलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गच्चीवरची टाकी.

पत्रकाच्या पहिल्याच पानावर मी सात चुका काढल्या. सवय, दुसरं काय. मी चाळीस वर्षं एका ख्रिस्ती धार्मिक छापखान्यात मुद्रितशोधक होतो. लेखकाने लिहायचं, जुळाऱ्याने खिळे जुळवायचे आणि दोघांचं कुठे चुकलं ते मी लाल शाईने दाखवायचं. हा धंदा माणसाला बिघडवतो. आमटीत मीठ कमी पडलं तरी ताटाच्या कडेला खूण करावीशी वाटते.

आमची ही त्याच छापखान्यात माझी वाचक होती. आमच्या कामाची पद्धतच तशी होती. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील कागदावर डोळे ठेवायचे. ही वाचायची, मी तपासायचो. तीन वर्षं ती मला रोज सात तास शास्त्र वाचून दाखवत होती, आणि चौथ्या वर्षी मी लग्नाचं विचारलं, तेव्हा तिने फक्त एवढंच म्हटलं, की घरी तरी मला वाचायला लावू नका. एकावन्न वर्षं झाली त्याला. मी तिला वाचायला लावलं नाही. बोलायची संधीही फारशी दिली नाही, असं मुलांचं म्हणणं आहे.

आठ महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत धातूचा सांधा बसला, पण पायात जोर आला नाही. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, दर वेळी कोणीतरी उचलायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. वय अठ्ठ्याहत्तर, वजन बावन्न किलो, गुडघे दोन, दोन्ही नावापुरते. मुलांनी दोन नर्सा पाठवून पाहिल्या. पहिलीला मी चार दिवसांत घालवलं, कारण ती हिला 'ए आजी' म्हणायची. दुसरी आठ दिवस टिकली. ती चांगली होती, पण तिला माझी उचलायची पद्धत पसंत नव्हती आणि मला तिची.

तेव्हा मुलांचंही अगदीच चुकलं होतं असं नाही. पण मी पत्रक शेवटपर्यंत वाचलं, जे त्यांनी वाचलं नव्हतं. मागच्या पानावर, तळाला, मुंगीच्या अक्षरात नियम होते. नियम सहावा: पुरुष विभाग वरच्या मजल्यावर, महिला विभाग खालच्या मजल्यावर. पती-पत्नींना भेटीची वेळ दुपारी चार ते पाच.

मी तो मोठ्याने वाचला. थोरल्याने मधलीकडे पाहिलं, मधलीने फोनकडे पाहिलं. फोन नेमका त्या वेळी तुटला. मग मधली म्हणाली, की पपा, रोज एक तास मिळतोय ना, शिवाय आईला जिना चढायची कटकट नाही, ती खाली आणि तुम्ही वर. तिला वाटलं, ही सोय आहे.

मला ते जमणार नव्हतं. एकावन्न वर्षांत हिची बाळंतपणं आणि हे ऑपरेशन सोडलं, तर आम्ही वेगळ्या छपराखाली झोपलो नाही. उरलेली दोन, चार, जी काय वर्षं असतील ती मला हिच्या खोलीत काढायची होती. बाकी काही नको होतं. हे असं सरळ मुलांना सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. पण सरळ सांगायला मी थोडाच साधा माणूस होतो? मी त्यांना ग्रीक शिकवायला बसलो.

म्हटलं, नव्या करारात या नावाचं एक ठिकाण आहे, 'कालोई लिमेनेस'. कालोई म्हणजे सुंदर, लिमेनेस म्हणजे बंदरं. क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर. एका प्रेषिताला कैदी म्हणून रोमला नेत होते, त्याचं जहाज तिथे लागलं. हिवाळा तोंडावर आलेला. पुढे जाणं धोक्याचं आहे असं कैद्याने सांगून पाहिलं. पण सुकाणूवरचा तांडेल आणि जहाजाचा मालक म्हणाले, हे बंदर हिवाळा काढण्याजोगं नाही. बहुतेकांचं मत तसंच पडलं आणि जहाज निघालं. म्हणजे नाव सुंदर, जागा कुचकामी, असं शास्त्रातच लिहिलंय. जिथे खलाशी चार महिने काढायला तयार नव्हते, तिथे तुम्ही आईबापांना कायमचं ठेवताय.

थोरल्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, की पपा, नाव बदलून 'कुरूप बंदर' ठेवलं तर जाल का? मी म्हटलं, निदान माहिती तरी बरोबर होईल.

ठराव मंजूरच होता. फक्त मी स्वतः जाऊन जागा पाहावी, एवढी सूट मला मिळाली. फाशी जाणाऱ्यालाही शेवटची इच्छा विचारतात.

मंगळवारी थोरला मला गाडीने घेऊन गेला. आश्रम स्वच्छ होता, हे कबूल केलं पाहिजे. लादी अशी लख्ख, की म्हाताऱ्यांनी घसरून पडावं म्हणूनच पुसली असावी. कठड्यांना निळा रंग, भिंतींवर नांगर आणि शिडाची जहाजं काढलेली. वरच्या मजल्यावर पुरुष एका रांगेत खुर्च्यांवर बसून समोरच्या भिंतीवरचं जहाज बघत होते. एकाने मला विचारलं, की चार वाजले का? मी म्हटलं, अकरा वाजलेत. बरं, म्हणाला आणि पुन्हा जहाजाकडे पाहू लागला.

संचालक पन्नाशीचे, आधी हॉटेल चालवत असत. अजूनही कोणी दारातून आत आलं की त्यांचे हात आपोआप मेनू कार्ड पुढे करावं तसे पुढे यायचे. बोलणं साखरेत घोळलेलं. मला काका म्हणाले, खुर्ची ओढून दिली, थोरल्याला बाहेर बाग बघायला पाठवलं. मी बसल्याबसल्या त्यांना नावाचा अर्थ विचारला.

ते खूश झाले. म्हणाले, हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता. मग त्यांनीच मला सांगितलं, की हे शास्त्रातलं नाव आहे, मूळ ग्रीक. मी म्हटलं, हो, आणि पुढे काय लिहिलंय ते माहीत आहे? ते नाही म्हणाले. मग काय, मी मुलांना दिलेलं व्याख्यान त्यांनाही दिलं, वर थोडी भरही घातली. ज्याने कोणी तुम्हांला हे नाव सुचवलं, म्हटलं, त्या अर्धवटाने पुढची ओळ वाचलेली दिसत नाही. म्हाताऱ्यांच्या मुक्कामाला, मुक्कामाला नालायक ठरलेल्या जागेचं नाव. एवढी मोठी चूक नाव म्हणून मिरवायला धाडस लागतं.

संचालक शांतपणे उठले. कपाटातून एक फाइल काढली, फाइलमधून एका पानाची झेरॉक्स काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"यात तर तसं काही नाहीये, काका," ते म्हणाले. "आम्ही या पुस्तकावरूनच नाव घेतलं. जुना कोश आहे, पण फार प्रामाणिक समजतात त्याला."

मी चष्मा लावला. शास्त्रातल्या स्थळनामांचा कोश. दोन रकाने, बारीक टाइप. डाव्या रकान्यात तळाला नोंद: 'सुंदर बंदर. ग्रीक कालोई लिमेनेस. अर्थ: सुंदर, उत्तम बंदरे. क्रीट बेटाच्या दक्षिणेस. प्रेषिताचे जहाज येथे थांबले होते.' बस. एवढंच. पूर्णविराम.

टाइप ओळखीचा होता. रकान्यांमधली रेघ ओळखीची होती. तो कोश आमच्याच छापखान्याचा. ग्रीक जाणणाऱ्या एका पाळकसाहेबांनी अकरा वर्षं खपून लिहिलेला, आणि त्याच्या प्रस्तावनेत ज्या चिकाटीच्या मुद्रितशोधकाचे आभार मानले आहेत तो अर्धवट मी.

मला तो दिवससुद्धा आठवला. त्या पानात एक ओळ जास्त झाली होती. पुढच्या पानावर नकाशा होता, त्याचा ठोकळा करून आलेला, तो हलवता येत नव्हता. पाळकसाहेब आजारी, यंत्र थांबलेलं, व्यवस्थापक दारात उभे. कुठलीतरी एक ओळ काढणं भाग होतं. अशा वेळी मुद्रितशोधक मालक असतो. मी पान वरून खाली पाहिलं आणि 'परंतु हिवाळा काढण्यास हे बंदर सोयीचे नव्हते' ही ओळ लाल शाईने खोडली. मनाशी म्हटलं, लोक कोशात नावाचा अर्थ बघायला येतात, तो दिलाय. हिवाळ्याची चौकशी करायला कोण येतंय.

आले की. पंचेचाळीस वर्षांनी आले, आणि त्या अर्ध्या नोंदीवर दोन मजली इमारत बांधून बसले.

संचालकांना मी काही सांगितलं नाही. पण बोलण्याबोलण्यात तो कोश मी तपासला होता हे त्यांनी माझ्याकडून काढून घेतलंच, आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी त्यांच्या गरजेचं सांगितलं. येत्या रविवारी आश्रमाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन. बिशपसाहेब येणार. दारात संगमरवरी पाटी लावायची, नाव आणि नावाचा अर्थ. पाथरवट खोळंबलाय. खाली एखाद्या जाणकाराचं नाव असलं तर वजन येईल. काका, तुमच्यापेक्षा मोठा जाणकार कुठे शोधू?

मला त्यांची गरज कळली तशी माझी तोंडावर आली. मी नियम सहावा काढला. ते म्हणाले, की काका, नियम मोडता येत नाही. पूर्वी एक जोडपं एकत्र ठेवलं होतं, तर बाकीच्यांना आपापली गेलेली माणसं आठवायला लागली, जेवणं कमी झाली, तक्रारी आल्या. मग जरा थांबून, पेन्सिलीशी चाळा करत म्हणाले, "बिशपसाहेबांसाठी खाली एक पाहुण्यांची खोली आहे. वर्षातून एकदा उघडतो आम्ही. दोन पलंग आहेत. तुम्ही पाटीचा मजकूर लिहून द्या, मी ट्रस्टींशी बोलतो." आणि लगेच, "तो हिवाळ्याचा भाग तेवढा नको. लोक घाबरतात."

समजदार माणसाने तिथेच कागद ओढून घेतला असता. पाहिजे होतं ते ताटात वाढून आलं होतं. पण मी उभा राहिलो, आणि दुकानातला माल परत करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या थाटात सांगितलं, की अर्धा अर्थ म्हणजे पूर्ण खोटं असतं. मी लिहीन तर दोन्ही ओळी लिहीन. पंचेचाळीस वर्षं एक चूक माझ्या नावावर आहे, आता ती दगडात कोरून घेणार नाही.

परतीच्या वाटेवर मला फार उदात्त वाटत होतं. थोरल्याला वाटलं मला गाडी लागली, त्याने खिडकी उघडली.

घरी सोडून तो ऑफिसला गेला. हिच्याजवळ बसलेली शेजारीणही गेली. मी हिच्या पलंगाशेजारी बसून सगळी हकिकत सांगितली, झेरॉक्सपासून माझ्या बाणेदार उत्तरापर्यंत. कौतुकाची अपेक्षा होती असं नाही, पण असलं तर हरकत नव्हती.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, ती ओळ काढू नका," ती म्हणाली. "वरच्या नोंदीतल्या गावाची शेवटची ओळ काढा म्हटलं होतं. त्यात नुसती लोकसंख्या होती."

हे मला अजिबात आठवत नव्हतं. तिला पानाचा नंबरही आठवत होता.

मी म्हटलं, म्हणूनच आता दुरुस्त करायला हवी. ती म्हणाली, दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत करा, मला आधी संडासला जायचंय.

मी नेहमीसारखा वाकलो. दोन्ही हात तिच्या काखेत घातले, एक-दोन-तीन म्हटलं आणि उचललं. माझी पद्धत अशी, की उचलताना थांबायचं नाही, एका दमात. ती नेहमीसारखी कण्हली. अर्ध्यावर माझ्या डाव्या गुडघ्याने राजीनामा दिला. आम्ही दोघं पलंगाला घासत हळूहळू खाली आलो आणि लादीवर बसलो. पडलो म्हणत नाही, बसलो. तिच्या पाठीला पलंगाचा पाय, माझ्या पाठीला भिंत. फोन टेबलावर. टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

मी उठायचे तीन प्रयत्न केले, तिसऱ्यात कपाटाचं दार हातात आलं. मग नाद सोडला. भर दुपार होती. शेजारीण चार वाजता दळण टाकायला जाताना डोकावते, त्याला तास-दीड तास अवकाश. काही वेळाने हिची साडी ओली झाली. तिने पदर पुढे ओढून घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं. एकावन्न वर्षांत मी तिला एवढं शरमलेलं पाहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी तरीही काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, की पाहिलंस, त्या आश्रमाची लादीसुद्धा अशीच थंड आहे.

"आता मी बोलू?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"तुम्ही सगळ्यांना ती गोष्ट सांगत फिरताय, पण अर्धीच. बंदर वाईट होतं, मान्य. हिवाळ्याला बरं नव्हतं, मान्य. पण वादळात सापडून ज्यांचं जहाज फुटलं ते कोण? बंदर सोडून निघाले ते. तो कैदी सांगत होता ना, की निघू नका म्हणून? बंदर सुंदर आहे असं तो कुठे म्हणाला होता?"

मी म्हटलं, तसं पाहिलं तर वचनात...

"वचन मी वाचलंय. तुम्हांलाच वाचून दाखवलंय, दोनदा." तिने दम घेतला. "मला तिथे जायचंय. मला पुन्हा असं लादीवर बसायचं नाही. तुम्ही बरोबर असलात तर बरं, नसलात तर चार ते पाच या. पण मी जाणार."

मला वाटत होतं, की हिला इथे ठेवायला मी लढतोय. मुलांशी, आश्रमाशी, संचालकांशी. हिला विचारायचं राहूनच गेलं होतं. मुलांनी मत घेतलं नाही म्हणून मी एवढा कांगावा केला, आणि मी तरी कुठे घेतलं होतं?

"आणि पाटी?" मी विचारलं.

"गाळा ती ओळ. एकदा नकाशासाठी गाळलीत, आता माझ्यासाठी गाळा. देवाला पाठ आहे ती."

चारला दहा कमी असताना शेजारीण आली. तिने आणि तिच्या जावयाने आम्हांला एकेक करून उचललं, कोरडे कपडे दिले आणि चेहऱ्यावर काहीही दाखवलं नाही. ती गेल्यावर मी संचालकांना फोन केला. मजकूर सांगितला: सुंदर बंदर, ग्रीक कालोई लिमेनेस, अर्थ सुंदर, उत्तम बंदरे, प्रेषिताचे जहाज येथे थांबले होते. ते म्हणाले, वा. मी म्हटलं, आणि खोली. ते म्हणाले, ट्रस्टींशी बोलून झालंय काका. म्हणजे ते मी निघाल्याबरोबरच बोलले होते. हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक कुठल्या बोलीवर परत येणार ते कळतं.

रविवारी उद्घाटन झालं. पाटी छान होती, अक्षर सुबक, एकही चूक नाही, आणि तळाला माझं नाव. तिन्ही मुलं हजर, धाकटा फोनवर. बिशपसाहेब दिसायला भारदस्त, आवाज खर्जातला. त्यांनी पाटी वाचली, डोळे मिटले आणि 'सुंदर बंदर' या दोन शब्दांवर चाळीस मिनिटं प्रवचन दिलं. जीवनाचा सागर झाला, श्रद्धेचं शीड झालं, प्रार्थनेचं वल्हं झालं. तो थकलेला प्रेषित या सुंदर बंदरात विसावला, म्हणाले, आणि तिथे त्याला शांती मिळाली. जहाज तिथून निघालं हे नाही, कोणी अडवलं हे नाही, फुटलं हे तर नाहीच. साहेबांनी बहुधा आमचाच कोश पाहिला होता.

माझी बोटं शिवशिवत होती. उजवा हात दोनदा वर गेला. थोरल्याने माझी बाही पकडून ठेवली होती, मधली पुढच्या रांगेतून मागे वळून माझ्याकडे बघत होती. चाकाच्या खुर्चीत ही, केस नीट विंचरलेले, हात मांडीवर. ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिला खात्री होती किंवा तिला पर्वा नव्हती. मी बसून राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी कानावर पडलेली चूक तशीच जाऊ दिली आणि आभाळ कोसळलं नाही. फार अपमान वाटला त्याचा.

मुलं संध्याकाळी गेली. मधली रडली, थोरल्याने खोलीतल्या सगळ्या दिव्यांची बटणं लावून पाहिली. पाहुण्यांची खोली बरी होती. दोन पलंग, मध्ये हातभर जागा, तपकिरी पडदे, आणि भिंतीवर बिशपसाहेबांचा मोठा फोटो, साहेब नसताना पाहुण्यांवर नजर ठेवायला. मी तो फोटो जरा तिरका करून ठेवला. समाधान वाटलं. पलंगावर बसून मी हिला म्हटलं, बघ, मिळवली की नाही खोली. ती हो म्हणाली.

मग तिला संडासला जायचं होतं. मी बाह्या सरसावून उठलो, तेवढ्यात सेविका आली. वीस-बावीसची मुलगी, जाडसर, तोंडात कसलंतरी गाणं. तिने मला 'आजोबा, जरा' म्हणून बाजूला केलं. कमरेचा एक रुंद पट्टा हिच्याभोवती बांधला, हिचे पाय आधी जमिनीवर नीट टेकवले, स्वतःचा गुडघा हिच्या गुडघ्याला लावला, म्हणाली, आजी, पुढे झुका, माझ्याकडे, घाई नाही. आणि ही उभी राहिली. वळली. खुर्चीत बसली. सगळं मिळून दोन मिनिटं. खोलीत आवाज असा झालाच नाही.

मला आधी वाटलं, तिचं कण्हणं माझं ऐकायचं राहिलं. आठ महिने, दिवसातून सहा-सात वेळा, मी उचललं की ती कण्हायची. मला तो खुब्याचा आवाज वाटायचा. डॉक्टरलासुद्धा मी तसंच सांगितलं होतं, की सांधा अजून दुखतो. औषध वाढवून घेतलं होतं.

सेविका तिला संडासला नेऊन परत पलंगावर ठेवून गेली. मी विचारलं, दुखलं का गं?

"नाही," ती म्हणाली.

"अजिबात?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि खरं बोलून माझं काय होईल तेही तिला माहीत होतं.

"तुम्ही उचलायचात तेव्हा दुखायचं," ती म्हणाली.

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही दोन नर्सा घालवल्यात. आणि मला स्वतः उचलण्याचा तुम्हांला किती अभिमान होता."

मी दुसऱ्या पलंगावर जाऊन बसलो. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही, लपवायला त्या खोलीत जागाही नव्हती. तिने हात पुढे केला, पण पलंगांच्या मधलं अंतर तिच्या हाताला पुरेना, तेव्हा मीच उठून माझा पलंग तिच्या पलंगाला टेकवला.

सकाळी सहा वाजता ती मुलगी पट्टा घेऊन आली. मी तयारच होतो. तिला म्हटलं, बाळ, हे मला शिकव, मी करत जाईन. तिने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, आजोबा, तुम्ही नका करू. तुम्ही फक्त आजींच्या समोर उभे राहा, म्हणजे त्या तुमच्याकडे बघून उठतील.

मी समोर जाऊन उभा राहिलो.